सासूचं नाव

मंगळवार पेठेतल्या घरात त्या सकाळी शांभवीचं भाकरीकडं लक्ष नव्हतं. दोन भाकरी करपल्या. सोप्यातून दीर मल्लेश ओरडला, "वैनी, आटपा की! बँक काय तुमच्यासाठी थांबणार हाय व्हय?"

साल १९९८. नवरा विरूपाक्ष जाऊन चार महिने झाले होते. नव्यानं निघालेल्या खासगी बँकेत त्यानं तीन वर्षांमागं लेकीच्या, सुष्मिताच्या, कॉलेजसाठी ठेव ठेवली होती. पावतीवर वारस म्हणून नाव होतं बसम्मा. नात्याचा रकाना कोराच राहिला होता.

बसम्मा म्हणजे शांभवीच. ते तिचं माहेरचं नाव. पण सासूही बसम्माच निघाली, म्हणून अक्षता पडल्या त्याच दिवशी सुनेचं नाव बदललं. शिवाय सासूचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, ही त्या काळची रीत. एकोणीस वर्षांत शांभवीनं स्वतःचंच नाव उच्चारलं नव्हतं. त्या नावानं हाक मारायचा तो एकटा विरूपाक्ष, तीही दार लोटून घेतल्यावर.

सासू दोन वर्षांमागं वारली होती. मल्लेशनं कागद लिहून आणला होता. पावतीवरची बसम्मा ही माझी मयत सासू, ठेव धाकट्या दिराला, मल्लेशला, द्यावी, माझी हरकत नाही. खाली शांभवीची सही तेवढी हवी होती.

"आणि न्हाई केली तर?" रिक्षात तिनं कसंबसं विचारलं.

"तर पोरीला घिऊन आजऱ्याला म्हायेरी जावा. तुमचा भाऊ किती दिस घालतोय बघा गिळाय!"

बँकेत काचेच्या दाराआड गारवा होता, तरी तिच्या पाठीवरनं घाम ओघळत होता. टेबलामागच्या साहेबीण बाईंनी कागद वाचला. "मावशी, आधी तुमचं नाव सांगा."

मल्लेशनं खुर्ची जवळ ओढली. "सांगा की. शांभवी म्हणा."

सासू गेली तरी तिचा डोळा आपल्यावर आहे, असं तिला वाटलं. बोललं तर पाप, वर घर सुटणार. न बोललं तर सुष्मिताचं शिक्षण संपलं, आणि पुढच्या वैशाखात कुणाच्या तरी दारात तिचंही नाव बदलणार.

"बसम्मा," ती म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला. "पावतीवरची बसम्मा मी हाय."

"आईचं नाव घेतलंसा!" मल्लेश ताडकन उठला. रांगेतली माणसं वळून बघू लागली.

"माझं बी हाय की ते."

बाईंनी बिनसहीचा कागद मल्लेशपुढं सरकवला. "शाळेचा दाखला आहे का, मावशी?"

"आजऱ्याच्या शाळंत असंल."

"आणा. तोवर ठेवीला कुणी हात लावणार नाही."

ती एकटीच स्टँडकडं निघाली. संध्याकाळी घराचं दार उघडेल की नाही, ठाऊक नव्हतं. तरी तिनं आजऱ्याची गाडी धरली.

नव्या सुनेचं नाव तांदळात लिहून पेढे वाटणारी घरं आजही पुष्कळ आहेत. पेढा तोंडात घालण्याआधी तिला एवढं तरी कुणी विचारावं: पोरी, तुला आजवर काय म्हणत होते?