प्रेमलताच्या नावाची घागर

प्रेमलताने वामनशी लग्न केले, त्याच दिवशी तिच्या वडिलांनी, रघुनाथरावांनी, रामाकोन्यात, आपल्या गावच्या विहिरीवर तिच्या नावाने आंघोळ केली. वामन पांढुर्ण्याला मास्तर होता. सरळ होता, कमावता होता, पण बौद्ध होता. कुणब्याच्या लेकीने त्याच्या घरात जाणे रघुनाथरावांना मरणाहून वाईट वाटले, म्हणून त्यांनी लेकीला जितेपणीच मारून टाकले. पुढे आई गेली, तेही तिला चार दिवसांनी परक्याच्या तोंडून कळले.

गेल्या दिवाळीत वामन गेला. आणि अक्षय तृतीयेच्या तोंडावर भावजयीचा, अमिताचा फोन आला.

"ताई, मामाजी बोलावून राहिले, लेकीले पाहाचं म्हणतात. सणाले या."

"आताच काहून आठवण झाली?"

"थकले वो ते. दिवसभर तुमचंच नाव घेऊन राहिले."

ती निघाली. सौंसर मागे पडले, संत्र्यांच्या बागा लागल्या, आणि लहानपणीची ही तीज आठवली. आई चिंचवणी करायची, कुरड्या तळायची, आणि तळता तळताच एक हिच्या हातावर ठेवायची. नैवेद्याच्या आधी खाल्ले म्हणून आजी ओरडायची. आई नुसती हसायची.

घरात देवापुढे गव्हाच्या राशींवर, गेलेल्यांना पाणी पोचावे म्हणून, पितरांच्या घागरी भरून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर एकेक खरबूज. आजोबांची, आजीची, आईची. त्यांच्या शेवटी आणखी एक, लहानशी.

"ही कोणाची व अमिता?"

अमिताने जीभ चावली. "सवयीनं भरली गेली, ताई. दरसाल भरतो ना... तुम्ही येऊन राहिल्या, हे ध्यानातच नाही राहिलं."

"म्हणजे माझी."

मागच्या ओसरीवरून खोकल्यातून आवाज आला, "आली काय व प्रेमा?"

प्रेमलताने घागरीवरचे खरबूज खाली ठेवले आणि घागर उचलून ओसरीवर आणली. खाटेवर रघुनाथराव बसले होते, वाळलेल्या काटकीसारखे. त्यांच्यासमोर उभी राहून ती घटाघटा पाणी प्याली.

"दरसाल पाजत होते ना, बाबा? आज पोचलं."

भाऊ गजेंद्र धावत आला. "सणाच्या दिवशी तमाशा नको करू, ताई."

"मेलेल्या बाईचा कायचा तमाशा?"

रघुनाथरावांनी हात जोडल्यासारखे केले. "झालं गेलं सोड, पोरी. आता तो बी नाही राहिला. आपलं घर हाये, इथंच राह्य."

तेव्हा तिला सारे उमगले. वामन गेला, म्हणून दार उघडले होते. बापाला लेक परत हवी होती, पण मधली सगळी वर्षे खरवडून काढून.

"तो म्हणजे कोण?"

गजेंद्रने जेवणाकडे बोट दाखवले. आत ताटे मांडलेली होती.

"त्यांले नाव हाये, बाबा. इतक्या वर्षांत तुमच्या तोंडातून एकदाही नाही निघालं. तेवढं घ्या, मंग जेवतो मी. नाहीतर परतीच्या बसनं चालली."

गजेंद्र काही बोलणार होता. म्हाताऱ्याने हाताने त्याला गप्प केले.

"वामन..." ते म्हणाले, आणि थांबून, जावयाला म्हणावे तसे म्हणाले, "वामनरावांले काय झालं होतं?"

हेच ऐकायला ती जन्मभर झुरली होती. आणि आता ऐकले, तर आतून संतापच वर आला.

"आता विचारून राहिले?"

"आता," ते म्हणाले. खाली पाहतच.

"किडन्या खराब झाल्या. डॉक्टर छिंदवाड्याचा. बस इथूनच जात होती. ते खिडकीतून तुमची बाग पाहत. म्हणत, मामाजींचा बहार यंदा चांगला हाये."

"मंग उतरले काहून नाही?" रघुनाथरावांच्या तोंडून निघून गेले, आणि लगेच त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

प्रेमलताने हातातली घागर खाली ठेवली.

"वाढ व अमिता," ती म्हणाली.

बापलेक समोरासमोर जेवायला बसले. पुरणाची पोळी होती, चिंचवणी होती. दोघांनीही पानात पडले तेवढे संपवले. कोणी कोणाला आग्रह केला नाही.