ग्रोफोचे कपडे

मिलोश तापाने फणफणलाय, येत नाही, असा निरोप आला तेव्हा अंगणात टेबलं मांडून झाली होती.

"फुकटची दारू सोडून ताप बरा आला याला!" नूत्सामावशी म्हणाली. बायका हसल्या. झांबिलाला मात्र हसू फुटेना. तिचे हात पावावरच थांबले.

तिचा दीर ग्रोफो जाऊन आज वर्ष झालं होतं. वर्षाच्या जेवणाला त्याच्याच वयाचा, पण परक्या घरचा माणूस नखशिखांत नवे कपडे घालून ग्रोफोच्या जागी बसतो; त्याच्या अंगावरचे कपडे मेलेल्याला पोचतात, असं मानतात. आज मिलोश बसणार होता. सगळे त्याला ग्रोफो म्हणून हाक मारतात, आग्रह करकरून वाढतात, आणि शेवटी गावाच्या टोकापर्यंत पोचवून म्हणतात, "आता जा, वाट मोकळी आहे."

सासू तिंकाने कोट उचलला आणि थोरल्या मुलाकडे पाहिलं. "मुर्शा घालील. वर्षाचंच तर अंतर होतं दोघांत. मापही तेच."

"आई, घरातलं माणूस चालत नाही," झांबिला हळूच म्हणाली.

"तू मला शिकवतेस? माझं पोर तिकडे उघडं उभं राहू दे काय?"

मुर्शा, झांबिलाचा नवरा, भिंतीला टेकून बसला होता. तांब्याची भांडी ठोकणारे त्याचे हात पाच महिने हातोड्याला लागले नव्हते. आईचं बोलणं ऐकून तो उठला, आणि कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा शांत दिसला. तो शांतपणा पाहून झांबिलाने समोरचा पाव बाजूला सारला.

परवा, गोधडीत तोंड खुपसून तो म्हणाला होता, "ग्रोफो हाक मारतो गं. मिलोशला पोचवाल ना, तसं मलाही कुणी पोचवलं तर बरं. मग मी परत येणार नाही."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मारियामातेसमोर दिवा लावून चाळीस दिवस सूर्य मावळेपर्यंत न जेवण्याचं व्रत धरलं होतं, तेवढंच. सांगणार कसं? टेबलाच्या टोकाला स्टांको बसला होता, तिच्या मुलीचा, लुलुदीचा होणारा सासरा. ज्या घरात माणसाचं डोकं फिरलं, त्या घरची मुलगी कोण नेतो?

मुर्शाने एक बाही चढवली.

"ये, ग्रोफो, ये बाबा," तिंका रडत म्हणाली.

"आलो, आई," मुर्शा म्हणाला, आणि दुसऱ्या बाहीत हात घातला.

झांबिलाने धावत जाऊन कोटाची कॉलर धरली. "काढा तो! आधी काढा!"

"सूनबाई, वेड लागलं का तुला?"

"मला नाही, आई." तिचा आवाज एवढासाच होता, पण टेबलाच्या टोकापर्यंत पोचला. "यांना बरं नाहीये. झोप नाही, जेवण नाही. मरणाच्या गोष्टी करतात. आज यांना ग्रोफो म्हणून वेशीवर सोडलंत, तर ते खरंच जातील. मी यांना डॉक्टरकडे नेणार आहे. आता कुणाला काय म्हणायचं ते म्हणा."

लुलुदीने तोंडावर रुमाल धरला. सगळ्यांच्या माना स्टांकोकडे वळल्या.

स्टांकोने टोपी डोक्यावर घातली. मग खुर्ची मागे सारून उठला. झांबिलाला वाटलं, हा चालला. तो मुर्शासमोर येऊन उभा राहिला. "किती दिवस झाले झोपला नाहीस?"

मुर्शा बोटांवर दिवस मोजू लागला आणि मध्येच चुकला.

"दे इकडे."

स्टांकोने त्याच्या अंगावरून कोट उतरवला आणि स्वतः चढवला. ढेरीवर बटणं कुठली लागायला! "वयाने मोठा आहे मी, ग्रोफो चालवून घेईल," तो तिंकाला म्हणाला. "वाढा."

"आणि पोरीचं?" नूत्सामावशीने विचारलंच.

"ते नंतर बोलू. आधी याला डॉक्टर दाखवा. उद्या रविवार, सोमवारी पहिल्या गाडीने मी येतो बरोबर."

जेवणं झाली. मेणबत्त्या घेऊन सगळे स्टांकोला पोचवायला निघाले. मुर्शाही चालू लागला. गावाच्या टोकाशी तिंका म्हणाली, "आता जा, ग्रोफो. वाट मोकळी आहे."

बटणं न लागलेला कोट सावरत स्टांको पुढे गेला. मुर्शाचं पाऊल त्याच्यामागे उचललं. झांबिलाने त्याचं मनगट दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"तुम्हाला नाही म्हटलं," ती कुजबुजली.

मुर्शाने हिसका दिला नाही. वळणावर तो कोट दिसेनासा झाला, तेव्हा वर्षात पहिल्यांदा तो मोठ्याने रडला.