धूर काय नि वाफ काय

“अंकल डेस, व्हेप ओढणारा माणूस मेला, तर घरच्यांना विम्याचे पैसे मिळतात का?”

विचारलं एकदाचं! लूपे आणि शार्नीने शाळेत पैज लावली होती, तुझ्यात दमच नाही म्हणून. आता तेपाएरुला दोघींची तोंडं बघायची होती. पण त्याआधी डॅडचं तोंड दिसलं आणि तिची सगळी ऐट उतरली.

विमा एजंट डेसमंड टेबलाशी जेवत होता. नारळाच्या दुधातली मासळी त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतली होती. विम्याच्या अर्जातल्या तंबाखूच्या प्रश्नाला डॅडने आत्ताच छाती फुगवून “नाही” म्हटलं होतं, वर भिंतीकडे बोटही दाखवलं होतं. तिथे सिगरेट सोडल्याचं दवाखान्याचं प्रमाणपत्र चक्क फ्रेम करून लावलेलं! त्यासाठी अख्ख्या चर्चने टाळ्या वाजवल्या होत्या.

डेसने चमचा खाली ठेवला. “कोण ओढतं व्हेप?”

कोणी काही बोलायची गरजच नव्हती. खोलीभर डॅडच्या ई-सिगरेटचा आंब्याचा वास दरवळत होता.

“अरे, ती नुसती वाफ आहे!” डॅड म्हणाला.

“कंपनीला धूर काय नि वाफ काय, सारखंच. निकोटीन वर्षभर पूर्ण बंद असेल तरच तू न ओढणारा. नाहीतर हप्ता जवळपास दुप्पट.”

“आणि नाही म्हणून लिहिलं तर?”

“लिही की! हप्ते आनंदाने घेतील. पण उद्या तुला काही झालं, की तुझे दवाखान्यातले कागद काढतील आणि हिला हात हलवत परत पाठवतील.” त्याने मम्मीकडे पाहिलं. “काय लिहायचं ते ठरवा. उद्या संध्याकाळी फोन करतो.”

तो गेला आणि डॅडचा भडका उडाला.

“नर्सनेच दिलं ना हे माझ्या हातात? म्हणाली, हे ओढ, ते सोड. सोडलं! तिकडे शाबासकी, इकडे दंड! एकाच देशात राहतात ना हे लोक?”

“माझ्यावर कशाला ओरडतोस? नियम काय मी केलाय?” मम्मी म्हणाली.

“आणि ही! बापाची अब्रू काढायला हिला पाहुणाच सापडला!”

“पैज होती,” तेपाएरु पुटपुटली.

“पैज म्हणे! ते काही नाही, उद्या सांगतो त्याला, व्हेपही कधीच सोडलं. कोण बघायला येतंय?”

मम्मी नुसती बश्या गोळा करत राहिली. डॅडचे वडील लाकडं वाहणारा ट्रक चालवताना स्टिअरिंगवरच गेले होते. डॅडही तोच धंदा करत होता, आणि आता त्याच वयाला आला होता. म्हणून तर मम्मीने डेसला महिनाभर फोन करकरून बोलावलं होतं. आणि आता ती गप्प! तेपाएरुला डॅडचा राग आला, कंपनीचा आला, नर्सचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या बश्यांच्या आवाजाचा आला.

ती खुर्ची मागे सारून उभी राहिली.

“डॅड, मम्मी, दोघंही ऐका. माझं ठरलंय. उद्या फोन येईल तेव्हा मी इथेच बसणार. डॅड, तू खरं बोललास तर ठीक. खोटं बोललास, तर फोन हिसकावून घेईन आणि अंकल डेसला खरं काय ते मीच सांगेन. मग खुशाल घराबाहेर काढ मला.”