ओक-बुनचं गप्प बसणं

मुकहो बंदराच्या वरच्या अंगाला जो वृद्धाश्रम आहे, तिथे ओक-बुनने एकोणीस वर्षं म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढलं. तिच्याबद्दल कुणी कधी वावगा शब्द काढला नव्हता. गेल्या वसंतात आश्रमातले बांग आजोबा गुदमरून गेले, तेव्हाही नाही. त्यामुळे वृद्धाश्रमांवर माहितीपट करायला प्यो नावाचा दिग्दर्शक सोलहून आला, तेव्हा तिने आधी त्याला जेवायला वाढलं.

प्यो लाघवी माणूस. चार महिने तिच्या मागेमागे हिंडला, किमचीचा रस्सा मागून मागून खाल्ला, तिला काकू म्हणू लागला. त्याने आश्रमाच्या व्यवस्थापकाची नक्कल केली की ती तोंडावर हात धरून हसायची. कॅमेरा चालूच असायचा. पुढे पुढे तिला त्याचं भानही राहिलं नाही.

एका दुपारी तिने त्याला मनातलं सांगितलं. "आजोबांच्या घशात तांदळाची चिकट वडी अडकली होती. त्यांच्या लेकीने, मी-रानने, आणलेली. त्यांना गिळता येत नाही, असलं काही देऊ नका, हे तिला किती वेळा बजावलं होतं. तिने गुपचूप हातात दिली आणि बस गाठायला पळाली. मी पलीकडे एका आजीला आंघोळ घालत होते."

"मी-रानला हे ठाऊक आहे?"

"नाही. कफ अडकला असं सांगा, म्हणून डॉक्टरांना मीच विनवलं. पोरीला जन्मभर कशाला जाळायचं? तुम्हीही वडीचं नाव काढू नका."

"शब्द देतो, काकू."

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "आता खोलीचा नुसता आवाज घ्यायचाय. मिनिटभर बोलू नका. खाली बघा." ती बसली. गुडघा ठणकत होता, तेवढंच तिच्या मनात होतं.

पहिला खेळ गावच्याच सभागृहात झाला. ओक-बुन केस कुरळे करून पहिल्या रांगेत बसली. पडद्यावर मी-रान वडिलांचे बूट पोटाशी धरून रडत होती. आणि लगेच ओक-बुन दिसली, तोंडावर हात धरून हसताना. सभागृहात कुजबुज झाली. मग प्योचा आवाज आला: "आजोबा तडफडत होते, तेव्हा तुम्ही कुठे होतात?" पडद्यावरची ओक-बुन खाली मान घालून बसली होती. अकरा सेकंद. मागे पियानोचा एकेक सूर.

"बघा, तोंडातून शब्द फुटत नाही," मागच्या रांगेतली बाई म्हणाली.

ओक-बुनने प्योला दाराशी गाठलं. "हा प्रश्न तुम्ही मला कधी विचारलात?"

"लोकांच्या मनात होता तो, काकू. मी फक्त आवाज दिला."

"मी कुठे होते ते तर सांगितलं होतं."

"ते घेतलं असतं तर पाठोपाठ वडीही आली असती. आणि वडीबद्दल तुम्हीच शब्द घेतलात. मी पाळला." त्याने घड्याळ पाहिलं. "पुढच्या आठवड्यात बुसानला प्रेक्षकांशी गप्पा आहेत. आलात तर बरं. माफी मागितलीत तर फारच बरं."

आश्रमाने तिला काढून टाकलं. सार्वजनिक न्हाणीघरात ती गरम पाण्यात उतरली की बाकीच्या बाया बाहेर पडायच्या.

महिन्याने मी-रानचा फोन आला. "तुमच्यावर दावा लावणार नाही मी. माहितीपट पाहिल्यापासून मला झोप लागतेय. आधी वाटायचं, माझंच काही चुकलं."

"तुझंच चुकलं," ओक-बुन म्हणाली. "तुझी वडी अडकली होती त्यांच्या घशात."

मी-रान थंडपणे म्हणाली, "पडद्यावर डोळ्यांनी पाहिलंय मी. विचारलं तेव्हा उत्तर नव्हतं तुमच्याकडे. आता रचलंत?"

"डॉक्टरांना विचार."

"कशाला विचारू?"

तिने कधीच विचारलं नाही.

हिवाळ्यात प्योला पुरस्कार मिळाला. ओक-बुन तेव्हा धक्क्यावर माकूल चिरत होती, डोळ्यांपर्यंत फडकं गुंडाळून. नवीन वर्षाला धाकट्या बहिणीकडे गेली. जेवणं झाल्यावर बहिणीने दार लोटून घेतलं. "ताई, मला तरी खरं सांग. तू तेव्हा कुठे होतीस?"

ओक-बुनने पहिल्यापासून सगळं सांगितलं. बहिणीने ऐकून घेतलं.

"असेलही," ती म्हणाली, आणि भांडी घासायला उठली.