हजार डॉलरची ब्युइक

आमच्या काउंटीतले कागद नुसते वाचले तर वाटेल की इथली सगळी माणसं पाचशे डॉलरच्या गाड्या चालवतात. ओहायोत एकाने दुसऱ्याला जुनी गाडी विकली की विकणाऱ्याने मालकीपत्राच्या मागे स्वतःच्या हाताने किंमत लिहायची आणि नोटरीसमोर सही करायची. घेणाऱ्याने त्या किमतीवर पावणेसात टक्के विक्रीकर भरायचा. किंमत लिहायच्या वेळी सगळ्यांची पेनं पाचशेवर येऊन थांबतात. ग्लेनिस रुपर्ट एकोणीस वर्षं बँकेत नोटरीचं काम करते. काचेबाहेर नव्या टायरांची पिकअप उभी असताना कागदावर 'पाचशे' वाचून तिने एकदाही भुवई वर केलेली नाही.

एल्डन श्रॉकला पाचशे लिहिता येत नव्हतं. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा, मेनोनाइट चर्चचा माणूस. अडतीस वर्षं तो जनावरांच्या लिलावात काट्यावर उभा होता. त्याच्या चर्चची माणसं शपथ घेत नाहीत. जे बोलतो ते रोजच खरं असतं, मग आज वेगळं खरं कुठून आणू, असा त्यांचा हिशोब. बायको वेल्मा गेल्यावर तिची चॉकलेटी ब्युइक विकायची त्याने ठरवलं आणि काचेवर चार हजार दोनशेची चिठ्ठी लावली. हे सगळे पैसे केंटकीतल्या पूरग्रस्तांना देईन, असं त्याने रविवारी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं. आकड्यासकट सांगितलं, ही चूक झाली.

मंगळवारी डार्ला पेटिट गाडी बघायला आली. तिच्या वहिनीने तिला आणून सोडलं. डार्लाची स्वतःची गाडी महिन्यापूर्वी रस्त्यातच कायमची बंद पडली होती. बावीस मैलांवरच्या वृद्धाश्रमात तिला नोकरी लागली होती आणि सोमवारी सकाळी सहाला पहिली पाळी होती. आमच्याकडे बस नाही. पहिल्याच दिवशी उशीर करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगत नाहीत, असं तिथल्या बाईंनी तिला फोनवर गोड आवाजात कळवलं होतं.

तिच्याजवळ चार हजार दोनशे नव्वद डॉलर होते. गाडीचे चार हजार दोनशे दिले की कर आणि कागदाची फी मिळून तीनशेच्या वर जात होते. पगार पंधरा दिवसांनी होता.

तिने सरळच विचारलं. सगळे लिहितात तसं पाचशे लिहा.

"खोटं आहे ते," एल्डन म्हणाला.

मग किंमत कमी करा, ती म्हणाली. तेही जमत नव्हतं. आकडा चर्चमध्ये सांगून झाला होता. सव्वादोनशे मी उसने देतो, असं तो म्हणाला, पण उधारीचं नाव काढताच डार्लाने पर्स बंद केली. तिच्या आधीच्या नवऱ्याने उधारीवर दोन गाड्या आणि एक बोट घेतली होती, आणि बोटीचे हप्ते ती अजून फेडत होती.

दोघं गाडीकडे बघत उभे राहिले. डार्ला सहज म्हणाली, "या गाडीत थोडं कमी असतं तर बरं झालं असतं."

हे वाक्य एल्डनच्या मनात बसलं. त्याने तिला आत बोलावलं, कॉफी दिली आणि कागद घेतला. गाडी विकली की कर. पण माणसाने आपल्या अंगणात सेल लावला, जुनी इस्त्री, दिवा, बाकडं विकलं, तर त्यावर कोणी कर मागत नाही. तेव्हा गाडीतून जे सुटं होईल ते खरोखर सुटं करायचं. उरलेली गाडी गुरुवारी नोटरीसमोर खरोखरच्या किमतीला विकायची. सुटे भाग शनिवारी अंगणात मांडायचे. कागदावर एक अक्षरही खोटं नाही.

"मिस्टर श्रॉक, हे तुम्ही गंमत म्हणून बोलताय ना?"

"मी गंमत करत नाही," एल्डन म्हणाला. हेही खरं होतं.

बुधवारचा दिवस दोघांनी गॅरेजात घालवला. चाकं निघाली, सीटा निघाल्या, बॅटरी, रेडिओ, आरसे, बॉनेट निघालं. प्रत्येक वस्तूची किंमत एल्डन काट्यावरच्या सवयीने दोन्ही बाजू बघून ठरवत होता. ड्रायव्हरच्या सीटचे चारशे त्याने लावले तेव्हा डार्लाने तक्रार केली.

"जुन्या सीटचे चारशे?"

"बटण दाबलं की पाठ शेकते. वेल्मा जूनमध्येसुद्धा लावायची."

"सीटशिवायही गाडी चालतेच की."

"गाय पण उभी राहते ना, कासेशिवाय," एल्डन म्हणाला. "घेतं कोण?"

संध्याकाळपर्यंत सुट्या भागांची किंमत तीन हजार दोनशे झाली. चार लाकडी ओंडक्यांवर उरलेल्या गाडीचे एक हजार. डार्लाने मनात गणित केलं. कर आणि फी मिळून साडेपंच्याऐंशी. सगळं पुन्हा विकत घेतल्यावर तिच्याकडे साडेचार डॉलर उरणार होते. ती पहिल्यांदा हसली.

मग एल्डन म्हणाला की सेलची जाहिरात द्यायला हवी.

"जाहिरात कशाला? आपलं ठरलंय ना?"

"ठरलेलं असेल तर तो सेल नाही. ते गाडी विकणंच झालं, फक्त दोन दिवस लावून. सेल म्हणजे सगळ्यांसाठी. तू येशील, तसे बाकीचे येतील."

साप्ताहिक गुरुवारी निघतं. दुसऱ्या दिवशी त्यात चार ओळी आल्या. चौकातल्या खांबावर एल्डनने पुठ्ठ्याची पाटीही लावली, शनिवार, सकाळी आठ, बाण डावीकडे.

गुरुवारी दुपारी दोघं बँकेत गेले. ग्लेनिसने मालकीपत्र उलटं केलं आणि 'एक हजार' वाचून थांबली. पाचशे असतं तर शिक्का केव्हाच बसला असता.

"एल्डन, आपण तिसरीत एका बाकावर बसायचो म्हणून विचारते," ती म्हणाली. "वेल्माची ब्युइक हजाराला? बरा आहेस ना?"

एल्डनने सगळं सांगितलं. चाकं नाहीत, सीटा नाहीत, बॅटरी नाही, बॉनेट नाही. तो एकेक सांगत गेला आणि मागच्या रांगेतले दोघं ऐकत राहिले.

"बसायला काय आहे त्यात?"

"काही नाही."

ग्लेनिस डार्लाकडे वळली. "मग तू घेतेस तरी काय, बाई?"

"बाकीचं मी शनिवारी घेणार आहे," डार्ला म्हणाली.

"घेईल किंवा नाही घेणार," एल्डनने लगेच दुरुस्त केलं. "सेल सगळ्यांना खुला आहे."

डार्लाने टेबलाखालून त्याच्या बुटावर पाय दिला. ग्लेनिसने शिक्का उचलला, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं की ती पाठ शेकणारी सीट वेल्माच्याच गाडीत होती ना. होती. चालू आहे का? आहे. बॅटरीवर चालेल? चालेल. कितीला? चारशे. एल्डनला विचारलं की तो सांगतो.

शनिवारी डार्लाच्या वहिनीचं पोर आजारी पडलं. डार्लाकडे गाडी नव्हती. म्हणजे होती, पण ती एल्डनच्या गॅरेजात ओंडक्यांवर होती. शेजाऱ्याला विनवून ती पोचली तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. आमच्याकडे आठचा सेल म्हणजे लोक सातलाच येऊन मोटारीत बसतात. एल्डनने त्यांना आठपर्यंत अंगणात पाय ठेवू दिला नाही, मग मात्र प्रत्येकाला त्याच्या पाळीने दिलं.

चाकं होती. मागची सीट, शेजारची सीट, रेडिओ, आरसे होते. बॉनेट कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर घालायला एक जण घेऊन गेला होता. ड्रायव्हरची सीट आणि बॅटरी नव्हती.

"ग्लेनिस," एल्डन म्हणाला. "आठ वाजून एक मिनिटाने."

"तुम्ही तिला नाही म्हणायला हवं होतं."

"कारण काय सांगू?"

"माझ्यासाठी ठेवलीय म्हणून."

"ठेवली नव्हती," एल्डन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण वाक्य जागचं हललं नाही.

उरलेलं सगळं डार्लाने चिठ्ठीवरच्या किमतीला घेतलं. पाकिटात नऊशे चार डॉलर आणि पन्नास सेंट राहिले. मग दोघं एल्डनच्या पिकअपमधून रुपर्टांच्या शेतावर गेले. ग्लेनिस बाहेर आली. तिलाही अवघडल्यासारखं झालं होतं, पण सीट आता तिच्या हातात नव्हती. ती जमिनीपासून पंधरा फुटांवर, ओकच्या झाडावर, हरणांची वाट बघत बसायच्या मचाणात ठोकलेली होती आणि तिच्यावर ग्लेनिसचा नवरा बड बसला होता. हरणांच्या शिकारीला अजून दोन महिने होते.

डार्लाने खालून साडेचारशे म्हटलं. मग पाचशे म्हटलं.

"तीस वर्षांनी पाठ दुखायची थांबलीय, पोरी," बड वरून म्हणाला. "मी जेवायलाही उतरलो नाही."

"खरंच नाही उतरला," ग्लेनिस म्हणाली. "डबा दोरीने वर पाठवला."

परत येताना डार्लाने दुकानातून नवी बॅटरी घेतली. काउंटरवरच्या माणसाने किमतीवर विक्रीकर लावला. डार्ला इतका वेळ हसत राहिली की त्याने पावती दोनदा तपासली.

रविवारी चर्चनंतर एल्डनने चार हजार दोनशे डॉलर पूरग्रस्तांच्या मदत समितीच्या हातात मोजून दिले. ही वेल्माच्या गाडीची रक्कम, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तो अडखळला. हजार गाडीचे, उरलेले गाडीत असलेल्या वस्तूंचे, असं त्याने सांगितलं. समितीच्या लोकांनी मान हलवली. त्यांना लवकर जेवायला जायचं होतं.

दुपारी त्याने चाकं चढवली, काचा पुसल्या, बॅटरी जोडली. बॉनेटशिवाय गाडी चालते, फक्त आत सगळं दिसतं. ड्रायव्हरच्या सीटच्या जागी चार भोकं होती; शेजारच्या सीटची चौकट तिथे बसत नव्हती. एल्डन स्वयंपाकघरात गेला आणि टेबलाजवळची वेल्माची खुर्ची घेऊन आला. मॅपलची, उशी शिवलेली.

डार्लाने पाकीट काढलं.

"ही विकायची नाही," तो म्हणाला. "दिली."

"यावर कर?"

"विचारलं मी चर्चमध्ये एकाला, तो वकील आहे. खुर्चीवर नाही. बाकीच्याबद्दलही विचारलं. तो म्हणाला, कागदात खोट नाही. पण असं मला पुन्हा विचारू नकोस, असंही म्हणाला."

खुर्चीचे पाय भोकांना जुळेनात. चारपैकी दोनच बोल्ट बसले. सरळ रस्त्यावर खुर्ची जागची हलत नव्हती. वळणावर मात्र ती डार्लासकट दाराकडे निघायची. वृद्धाश्रमापर्यंत चौदा वळणं आहेत. बोल्ट धरतील का, असं डार्लाने विचारलं. एल्डनला धरतील असं म्हणता आलं असतं. तो म्हणाला, नाही धरणार. पिकअपने सोडतो, असंही म्हणाला, पण स्वतःची गाडी असताना डार्लाला दुसऱ्याच्या गाडीतून जायचं नव्हतं.

सोमवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी ब्युइक त्याच्या अंगणातून निघाली. डार्ला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ताठ बसली होती. तिच्या शेजारी, चांगल्या सीटवर, एल्डन दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून बसला होता. वळण आलं की तो 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' म्हणायचा आणि जोर लावायचा. या सीटचंही बटण चालू होतं. ते त्याने दाबलं नाही.

पाच वाजून बावन्न मिनिटांनी ते पोचले. गाडीतून डार्ला उतरली आणि आत पळाली. पाळी संपायला आठ तास होते. दुसरी सीट मिळेपर्यंत रोज असंच यायचं-जायचं होतं आणि परतीच्या वाटेवरही तीच चौदा वळणं होती, तेव्हा एल्डन तिच्या मागोमाग आत गेला.

दारातल्या बाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चाकाची खुर्ची पुढे केली. नवीन आलात का, कोणती खोली, मुलं कुठे आहेत, असं त्यांनी मोठ्या आवाजात विचारलं. एल्डन म्हणाला, मी राहायला आलेलो नाही. मग त्यांनी पाहुण्यांची वही दिली. नाव, वेळ, कोणाकडे आलात, कशासाठी.

पहिल्या तीन रकान्यांत त्याने पटकन लिहिलं. चौथ्यापाशी पेन थोडा वेळ थांबलं. मागच्या सगळ्या ओळींत 'भेट' असं लिहिलेलं होतं.

त्याने लिहिलं, 'खुर्ची धरायला.'