दोन फोटो एकावर एक

नागपूरच्या डॉक्टरनं तपासणीआधी चोवीस तास चहा बंद सांगितला, तेव्हा मोहाडीच्या नंदलालला छातीतल्या दुखण्याहून मोठं दुखणं मिळालं. कोशाच्या रेशमाचं कापड विणणारा हा माणूस मागावर बसताना एक चहा घेई, उठताना एक, आणि धागा तुटला तर रागाचा वेगळा. बायकोनं, गीताबाईनं, चहापत्तीचा डबाच कुलपात घातला.

डॉक्टरनं दोघांना नीट समजावलं होतं. एकाच मशीनवर दोन फोटो निघणार. पहिला हृदयाच्या नळ्यांचा, कुठं चिंचोळ्या झाल्यात ते पाहायला. दुसरा रक्ताचा. सुईतून औषध देऊन हृदयाला मेहनत केल्यासारखं भासवायचं आणि रक्त सगळीकडं पोचतं का ते बघायचं. मग दोन्ही फोटो एकावर एक ठेवायचे. नळी चिंचोळी असून पुढं रक्तही कमी पडत असेल, तर ताबडतोब इलाज. रक्त पोचत असेल तर गोळ्यांवर भागतं.

"अन् चहाचं का?" नंदलालनं विचारलं.

"पोटात चहा असला की ते औषध लागू पडत नाही. फोटो खोटा येतो."

"खोटा चांगला का खोटा वाईट?"

"चांगला."

"मंग त्यात वाईट का आहे जी?"

डॉक्टर हसला नाही. गीताबाईही हसली नाही.

तपासणीच्या सकाळी दोघं भंडाऱ्याच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत होते. समोरच भय्याजीचं कापडाचं दुकान. त्याच्या मुलाशी, भूषणशी, स्वातीची, म्हणजे यांच्या पोरीची, सोयरीक जुळत आली होती. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी निघायची होती. पहिल्याच बैठकीत भय्याजीनं घरात काही बिमारी आहे का, असं विचारलं होतं. नंदलालनं ऐटीत सांगितलं होतं, "आमच्या घरचे लोक म्हातारे होऊनच मरतात."

"अहो इवाई!" भय्याजीनं दुकानातूनच हाक मारली. "कुठं चालले जोडीनं?"

"नागपूरले. रेशीम पाहाले."

"या, चहा घेऊन जा."

"आताच झाला जी."

"त्याले का होते? मागं एका सोयऱ्यानं आमच्या घरी असाच चहा नाही म्हटला. मी समजलो का समजाचं ते. त्याची पोरगी अजून घरीच आहे." भय्याजी मोकळेपणी हसला. हसताना त्याचा एक डोळा मात्र नंदलालवरच होता.

चहा आला. वर साय धरलेला.

"त्यायले जरा ॲसिडिटी..." गीताबाई बोलली.

"ॲसिडिटी? कधीपासून?" भय्याजीनं लगेच विचारलं.

"ती मजाक करून राहिली," म्हणून नंदलालनं कप तोंडाला लावला. आग्रह झाला तेव्हा वर आणखी अर्धा घेतला.

गाडीत गीताबाई म्हणाली, "आता तपासणी पुढं ढकला."

"पुढं? हा नंबर लागाले महिना लागला. अन् पुन्हा भय्याजीनं इचारलं, कोणतं रेशीम पाहाले चालले, तं? एका कपानं का होते?"

"दीड होता."

"तू मोजत बस."

दवाखान्यात तपासणीवाल्या मुलीनं विचारलं, "चहा, कॉफी, कोल्ड्रिंक काही घेतलंय?"

"नाही."

"काकू, नक्की ना? घेतला असेल तर सांगा, दुसरी तारीख देते."

गीताबाईनं तोंड उघडलं. अरुंद पलंगावर, पाठीमागून उघड्या गाऊनमध्ये नंदलाल आडवा होता. त्यानं छातीवर दोन्ही हात जोडले. देवळातही कंटाळत हात जोडणारा माणूस तो. बायकोपुढं तर जन्मात जोडले नव्हते.

"नाही," गीताबाई म्हणाली.

दोन फोटो एकावर एक ठेवून डॉक्टरनं सांगितलं, "नळी चिंचोळी आहे, पण रक्त छान पोचतंय. सध्या गोळ्या घ्या." पडद्यावर लाल-पिवळे रंग चमकत होते. "पाह्य, रंग कसा पक्का आला," नंदलाल म्हणाला. गीताबाईकडं बोलायला अजून वेळ होता. दरवाजापर्यंत होता, जिन्यापर्यंत होता, गाडी सुटेपर्यंत होता. गाडीत तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून निवांत झोपला, तेव्हा तिनं स्वतःला समजावलं की मशीन एवढी महागाची, तिला चहा तर कळलाच असेल.

साक्षगंध थाटात झालं. नंदलाल बँडपुढं नाचलासुद्धा. त्यानंतर थोड्याच दिवसांत, मागावर बसल्या जागी तो पुढं झुकला. तुटलेला धागा शोधतोय असं वाटून गीताबाई आपलं काम करत राहिली.

त्याच्या तेराव्याच्या आतच छातीच्या दुखण्याची गोष्ट गावभर झाली. भय्याजी भेटायला आला, सतरंजीवर बसला, बराच वेळ मान हलवत राहिला. मग बायका आत गेलेल्या पाहून हळूच म्हणाला, "तुमी मले आधीच सांगाचं होतं, ईनबाई. माहीबी हेच तपासणी झाली आहे. दोन स्टेंट आहेत आत."

गीताबाईनं वर पाहिलं. "मंग तुमी काहून नाही सांगितलं?"

"पोराची सोयरीक मोडली असती न."

आत स्वाती रडत होती, ते दोघांनाही ऐकू येत होतं.

"लग्न पुढं ढकलू, मोडत नाही," उठताना भय्याजी म्हणाला. "पण स्टेंटचं कोणापाशी बोलू नका. धाकट्यासाठी पोरगी पाहून राहिलो."

"नाही बोलत," गीताबाई म्हणाली. हे आता तिला जमायला लागलं होतं.