माझ्या जागी आलेली काळी स्लाइड

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुमच्यासमोर एक लांब टेबल आहे. टेबलावर रबरी चटई आहे आणि चटईवर एक पिस्तूल. पिस्तुलाचे तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडे आहे. मागे माणसे उभी आहेत, पण त्यांनी मदत करायची नाही असा नियम आहे. पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग तुम्हाला एकट्याने मागे ओढायचा आहे, आणि तुमची बोटे घसरत आहेत. पंधरा वर्षांच्या हिबाची बोटे अशीच घसरली होती.

तो पोलादी भाग म्हणजे मी. मी एका पिस्तुलाची जुनी स्लाइड आहे. गोळी सुटली की मी झटक्यात मागे जायचे, रिकामे काडतूस माझ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकायचे आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत बसवायचे. पहिले काडतूस मात्र नेमबाजाने मला हाताने मागे ओढून बसवायचे असते. एवढेच माझे काम. ते मी चौदा वर्षे केले.

पोलादाच्या चौकोनी दांड्यातून मला कोरून काढले गेले. तिथून मी आले ती थेट शारजाला. औद्योगिक क्षेत्र संपते आणि उघडी वाळू सुरू होते, तिथे आमचा नेमबाजीचा क्लब आहे. इथे पिस्तूल कुणी घरी नेत नाही. सराव संपला की प्रत्येक पिस्तूल लोखंडी कपाटात, कुलपाआड जाते. पिस्तूल हे खेळणे नव्हे, हे इथे आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतात आणि पुढे रोज शिकवत राहतात.

आमचे मिस्त्री अलीमियाँ. ते दाभोळच्या खाडीकाठचे. तरुणपणी होड्यांची इंजिने दुरुस्त करता करता त्यांचा हात बसला. खाऱ्या हवेत लोखंडाला बघता बघता गंज चढतो, म्हणून तेल सढळ हाताने घालायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. क्लबात आल्यावर त्यांनी मलाही तेलाने न्हाऊ घातले. मी आरशासारखी चमकायचे. बघणारे म्हणायचे, पिस्तूल ठेवावे तर अलीमियाँनी. मला फार अभिमान वाटायचा.

पण इथे वारा सुटला की पिठासारखी बारीक वाळू उडते. ती माझ्या तेलाला चिकटली. मी मागेपुढे होत राहिले आणि ती आतून मला घासत राहिली. अलीमियाँच्या ते लक्षात आले तोवर माझ्या कडा झिजल्या होत्या. त्यांनी तेल थेंबावर आणले, पण झिजलेले पोलाद परत येत नाही. मी ढिली झाले, आपटू लागले, आणि एके दिवशी माझ्या खिडकीच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली.

तो दिवस हिबासाठी आधीच वाईट होता. त्याच सकाळी ज्युनियर संघाच्या निवडीच्या पहिल्या चाचणीत तिला मला मागे ओढताच आले नव्हते. वेळ संपली आणि ती एकही गोळी न झाडता परत आली. सरावात तिच्या प्रशिक्षक सुजाता मॅडम मला ओढून द्यायच्या. चाचणीत ते चालत नाही. दुसरी आणि शेवटची चाचणी दीड महिन्यावर होती. तिच्या लहान हातात नीट बसेल अशी मूठ क्लबात याच एका पिस्तुलाची होती, आणि आता त्याची स्लाइड चिरली होती.

माझ्या कारखान्याने माझ्यासारख्या स्लाइड बनवणे बंद केले होते. म्हणून दुसऱ्या कारखान्यांच्या दोन स्लाइड क्लबच्या परवान्यावर तपासायला आल्या. त्या आल्या तेव्हा चाचणीला तीनच आठवडे उरले होते. एक सोनेरी होती. तिच्या अंगावर नक्षीसारख्या मोकळ्या खिडक्या कापलेल्या होत्या. दुसरी काळी, साधी, पुढेमागे खोल खाचा असलेली. अलीमियाँनी आम्हा तिघींना एका पांढऱ्या फडक्यावर ठेवले.

हिबाने सोनेरी उचलली. "चाचा, हीच घेऊ या. इट्स सो लाइट. ही मला ओढता येईल."

"ओढून बघितलीस?"

"हातात घेऊन बघा ना, कळतंय की."

"हातात घेऊन कळायला वांगी घेतेस काय गो?" अलीमियाँ म्हणाले. "थांब, बसवून देतो. मग बोल."

त्यांनी ती बसवली. हिबाने दात आवळून ओढले. बोटे पहिल्यासारखीच घसरली. शेवटी सुजाता मॅडमनी ओढून दिले. हिबाने दोन गोळ्या झाडल्या. तिसऱ्या वेळी स्लाइड अर्ध्यात अडकली. हिबाने पिस्तुलाचे तोंड बांधाकडेच ठेवले, बोट चापावरून काढले आणि दुसरा हात वर केला.

"हे बरोबर केलंस," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पिस्तूल रिकामे केले.

"पण ही हलकी आहे, तरी जोर तेवढाच का लागतो?"

"तुला अडवते ती आतली स्प्रिंग. स्लाइड नाही," अलीमियाँ म्हणाले. "आणि ही इतकी हलकी की झपकन मागे येऊन पुढे पळते. पुढचं काडतूस वर चढायच्या आतच."

"मग स्प्रिंग बदला."

"बदलता येते. पण मग दोघींचं जमेपर्यंत शे-दोनशे गोळ्या झाडून बघायच्या. तीन आठवड्यांत जमलं तर जमलं."

त्यांनी सोनेरी स्लाइड काढून फडक्यावर झटकली. खिडक्यांतून शिरलेली वाळू चिमूटभर खाली पडली. मग त्यांनी मला उचलले आणि माझ्या झिजलेल्या कडेवरून हिबाचे बोट फिरवले.

"हे याच वाळूचं काम. मी दाभोळसारखं तेल घालत गेलो. कुणाला विचारलं नाही."

"म्हणजे हिला तुम्ही खराब केलं?"

"हो, मीच," अलीमियाँ म्हणाले.

खरे सांगते, मित्रांनो, त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही.

हिबाने माझ्या कडेवरून पुन्हा एकदा स्वतःच बोट फिरवले. मग तिने काळी स्लाइड त्यांच्यापुढे सरकवली. "ही बसवा. ओढायचं मी शिकते."

काळी स्लाइड कानस न लावता, नुसत्या हाताच्या दाबाने जागेवर बसली. तिच्यातून पन्नास गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही. अलीमियाँनी मान हलवली. माझी जागा गेली होती, आणि ती योग्य स्लाइडकडे गेली होती.

पुढचे तीन आठवडे हिबा रोज शाळेतून थेट यायची. मॅडमनी तिला नवी रीत दाखवली. स्लाइड ओढायचीच नाही. डाव्या हाताने खाचा पक्क्या धरायच्या आणि उजव्या हाताने मूठ जोरात पुढे ढकलायची. तोंड कायम बांधाकडे. रिकाम्या पिस्तुलावर ती तेच करत राहायची. बोटांची साले निघाली, तिने पट्ट्या लावल्या.

"हिबा, गाडीचा जॅक आणू का?" तिच्याच गटातला रुहान विचारायचा.

"आण. तुझा स्कोअर वर उचलू."

मी आता अलीमियाँच्या टेबलावर असते. नवीन मुले आली की ते माझी चीर दाखवतात. मित्रांनो, मला एवढेच सांगायचे आहे. वस्तूवर माया करताना ती कुठे राहते, तिला काय सोसते, हे आधी विचारा. आणि नवी निवडताना तिचा रंग सर्वांत शेवटी बघा.

चाचणीच्या दिवशी पंचांनी काडतूस चढवायचा हुकूम दिला. अलीमियाँच्या खोलीच्या काचेमागून मला सगळे दिसत होते. सुजाता मॅडमचा हात सवयीने पुढे आला आणि त्यांनी तो पाठीमागे घेतला. हिबाने खाचा धरल्या, ढकलले. बोटे सटकली. पंच घड्याळाकडे बघत होते. तिने मागे वळून पाहिले नाही. घामेजलेला हात पँटला पुसला, खाचा पुन्हा धरल्या आणि सगळा खांदा लावून मूठ पुढे ढकलली. काळी स्लाइड पूर्ण मागे गेली आणि खटकन पुढे आली. हिबाने श्वास सोडला, हात सरळ केला आणि नेम धरला.